बारांपैकी दहा: एकमत नसलेल्या ज्यूरीने दोषी ठरवलेल्यांना न्याय मिळण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील लुइझियाना आणि ओरेगॉन या दोन राज्यांत कित्येक दशके बारा ज्यूररांपैकी दहा जणांचे मत पडले, तरी आरोपी दोषी ठरत असे. हा नियम राज्यघटनेशी विसंगत आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. मात्र त्या नियमाखाली जे आधीच दोषी ठरले होते, त्या सर्वांना या निकालाचा लाभ मिळाला नाही. ओरेगॉनने पुढे आपल्या कैद्यांसाठी दार उघडले, लुइझियानाने उघडले नाही. या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

एकमत नसलेली ज्यूरी म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत गंभीर फौजदारी खटल्यात आरोपी दोषी आहे की नाही, हे न्यायाधीश नव्हे, तर सामान्य नागरिकांमधून निवडलेले ज्यूरर ठरवतात. न्यायाधीश त्यांना कायदा समजावून सांगतात, पुरावा कोणता ग्राह्य आणि कोणता नाही ते ठरवतात; पण साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही, हा निर्णय ज्यूरीचा असतो. संघीय न्यायालयांत आणि उरलेल्या अठ्ठेचाळीस राज्यांत दोषी ठरवण्यासाठी सर्व ज्यूररांचे एकमत व्हावे लागे. ते झाले नाही, तर खटला निकालाविना संपतो आणि सरकारी पक्षाला वाटल्यास तो पुन्हा चालवता येतो. लुइझियाना आणि ओरेगॉनमध्ये मात्र दोघांचा विरोध असूनही निकाल लागत असे.

लुइझियानात ज्या खटल्यात फाशीची मागणी असे, तेथे बाराही जणांचे एकमत आवश्यक होते. जन्मठेपेच्या खटल्यात ते आवश्यक नव्हते. आणि त्या राज्यात खुनाबद्दलची जन्मठेप म्हणजे पॅरोलची शक्यताच नसलेली, म्हणजे मृत्यूपर्यंतची कैद असते. तुरुंगात मरेपर्यंत राहायचे, हे ठरवायला दहा मते पुरत होती.

लुइझियानात हा नियम आला कुठून?

१८९८ साली न्यू ऑर्लिन्स येथे राज्याची नवी घटना लिहिण्यासाठी परिषद भरली, तिच्यात हा नियम आला. या परिषदेचा हेतू काय होता, याबद्दल तर्क करण्याची गरजच नाही. तिच्या न्यायविषयक समितीच्या अध्यक्षांनी, राज्यात गोऱ्या वंशाचे वर्चस्व प्रस्थापित करणे हे आपले काम असल्याचे उघडपणे सांगितले, आणि ते कामकाजाच्या नोंदीत छापलेले आहे. याच परिषदेने साक्षरता व मालमत्तेच्या अटी घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला. ज्यांचे बापजादे १८६७ पूर्वी मतदार होते त्यांना या अटींतून सूट मिळाली, म्हणजे व्यवहारात ती गोऱ्यांनाच मिळाली. १८९६ साली राज्यात सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०० साली ५,३२० उरले.

ज्यूरीचा प्रश्न मात्र इतक्या सरळपणे सोडवता येत नव्हता. वर्णाच्या आधारे कुणालाही ज्यूरीतून वगळणे घटनाविरोधी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्येच ठरवले होते. शिवाय परिषद भरण्याच्या सुमारास अमेरिकेच्या सिनेटने लुइझियानातील ज्यूरी निवडीची चौकशी करण्याचा ठराव केला होता. तेव्हा परिषदेने असा नियम शोधला, की ज्यात वर्णाचा उल्लेखच नाही: बारांपैकी नऊ जणांचे मत पुरे. कायद्याच्या भीतीने एक-दोन कृष्णवर्णीयांना ज्यूरीत बसू द्यावे लागले, तरी त्यांच्या मतावाचून काही अडायचे नाही. त्यांना खुर्ची मिळेल, पण त्या खुर्चीला वजन असणार नाही, अशी ती तजवीज होती. १९७० च्या दशकात राज्याने पुन्हा नवी घटना केली, तेव्हा नऊचे दहा झाले. मूळ कल्पना तशीच राहिली.

आणि ओरेगॉनमध्ये?

ओरेगॉनची गोष्ट वेगळी असली, तरी तिची मुळे त्याच मातीत आहेत. १९३३ साली जेकब सिल्व्हरमन या ज्यू आरोपीवर खुनाचा खटला चालला. अकरा ज्यूरर त्याला खुनासाठी दोषी धरायला तयार होते, एक जण अडून राहिला, आणि शेवटी तडजोड म्हणून सदोष मनुष्यवधाचा निकाल लागला. त्यावर वृत्तपत्रांतून मोठा गहजब झाला. राज्यातील प्रमुख दैनिकाने, दक्षिण व पूर्व युरोपातून आलेल्या लोकांना ज्यूरीची परंपरा समजत नाही, अशा अर्थाचे अग्रलेख लिहिले. त्याचा रोख ज्यू आणि कॅथलिक स्थलांतरितांवर होता हे कुणालाही कळावे. १९३४ च्या मे महिन्यात मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि प्रथम दर्जाच्या खुनाचा अपवाद वगळता दहा मतांवर निकाल देण्याची मुभा मिळाली.

बहुमताने निर्णय घेण्यात गैर काय? लोकशाहीत तर सगळेच बहुमताने चालते.

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि तो प्रामाणिकपणेच विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देणे भाग आहे.

निवडणुकीत आपण आवड सांगतो; ज्यूरी आवड सांगत नसते. तिच्यापुढे प्रश्न असा असतो, की गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झाला आहे का. बारा माणसांनी एकच पुरावा पाहिला, तेच साक्षीदार ऐकले, तीच शपथ घेतली, आणि त्यांतल्या दोघांना सर्व चर्चेनंतरही शंका वाटते आहे, तर ती शंका वाजवी नव्हतीच असे आपण कशाच्या आधारे म्हणणार? ते दोघे वेडगळ किंवा हट्टी आहेत असे गृहीत धरल्याशिवाय तसे म्हणता येत नाही. १८९८ च्या परिषदेने नेमके तेच गृहीत धरले होते, आणि कुणाबद्दल, तेही वर आलेच आहे.

दुसरी गोष्ट चर्चेची. एकमत आवश्यक असते, तेव्हा दहा जणांना उरलेल्या दोघांचे ऐकावेच लागते. साक्षीदार रस्त्याच्या पलीकडे होता, दिवा कुठे होता, त्याने आधी पोलिसांना काय सांगितले होते, हे पुन्हा काढून पाहावे लागते. कधी दोघांची समजूत पटते, कधी दहा जणांना आपली चूक दिसते. दहा मते पुरतात असा नियम असला, की दहावा हात वर होताच दाराबाहेरच्या कर्मचाऱ्याला निकाल तयार असल्याचे सांगता येते आणि अकराव्या-बाराव्या माणसाचे वाक्य अर्धवट राहिले तरी कुणाला त्याची गरज उरत नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांची. न्यू ऑर्लिन्स व बॅटन रूज येथून निघणाऱ्या ‘द अ‍ॅडव्होकेट’ या दैनिकाने २०१८ साली सहा वर्षांतील सुमारे हजार दोषसिद्धींच्या नोंदी स्वतः गोळा करून तपासल्या. बारा जणांच्या ज्यूरीने दोषी ठरवलेल्या खटल्यांपैकी सुमारे ४० टक्के निकाल एकमताविना लागलेले होते. आरोपी कृष्णवर्णीय असता हे प्रमाण ४३ टक्के, गोरा असता ३३ टक्के होते. या कामाला २०१९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. हे सारे तपशील न्यायालयाच्या दप्तरांत पूर्वीपासूनच पडून होते. कुणी मोजले नव्हते, इतकेच.

मग सर्वोच्च न्यायालयाने हा नियम इतकी वर्षे चालू कसा दिला?

१९७२ साली दोन्ही राज्यांचे खटले सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. चार न्यायमूर्तींच्या मते एकमत आवश्यक होते, चारांच्या मते नव्हते. नववे न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी असा विचार मांडला, की ज्यूरीपुढे खटला चालण्याचा हक्क देणाऱ्या सहाव्या घटनादुरुस्तीनुसार एकमत आवश्यक आहे खरे, पण ते केवळ संघीय न्यायालयांत, राज्यांत नव्हे. हा विचार नऊपैकी एकट्या त्यांचाच होता. तरीही त्या एका मताच्या बळावर नियम पुढे अठ्ठेचाळीस वर्षे टिकला.

२०२० साली काय बदलले?

इव्हान्जेलिस्टो रामोस यांना न्यू ऑर्लिन्समध्ये २०१६ साली दहा विरुद्ध दोन मतांनी खुनाबद्दल दोषी ठरवून पॅरोलविना जन्मठेप दिली गेली होती. त्यांचे अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २० एप्रिल २०२० रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात एकमताचा हक्क राज्यांनाही बंधनकारक आहे. न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी लिहिलेल्या निकालपत्रात दोन्ही राज्यांच्या नियमांचा वांशिक इतिहास स्पष्ट शब्दांत दिला आहे.

रामोस यांना नवा खटला मिळाला. २०२३ च्या मार्चमध्ये बारा जणांच्या ज्यूरीने त्यांना एकमताने निर्दोष ठरवले.

लुइझियानाच्या मतदारांनी खरे तर त्याआधीच आपले काम केले होते. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी झालेल्या मतदानात सुमारे ६४ टक्के मतदारांनी एकमत आवश्यक करणारी घटनादुरुस्ती मंजूर केली. या मोहिमेत डावे-उजवे दोन्ही होते. तिचे एक प्रमुख संघटक नॉरिस हेंडरसन हे स्वतः अशाच विभागलेल्या निकालाने दोषी ठरून सत्तावीस वर्षे तुरुंगात राहून आलेले होते. मात्र ती दुरुस्ती १ जानेवारी २०१९ नंतर घडलेल्या गुन्ह्यांनाच लागू झाली. आत असलेल्यांसाठी तिच्यात काही नव्हते.

नियमच घटनाबाह्य ठरला, तर त्याखाली दोषी ठरलेले सगळे आपोआप का सुटले नाहीत?

या सगळ्या प्रकरणाची गाठ येथे आहे.

अमेरिकी कायद्यात अपिलाचे दोन टप्पे मानतात. शिक्षा झाल्यावर लगेच केलेले थेट अपील हा पहिला टप्पा. ते संपले, की शिक्षा ‘अंतिम’ होते. त्यानंतर कैद्याला जे काही मागायचे ते दुसऱ्या, अधिक अरुंद वाटेने मागावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने घटनेचा नवा अर्थ लावला, की ज्यांचे थेट अपील अजून चालू आहे अशा सर्वांना तो लागू होतो. १९८७ पासून हे ठरलेले आहे. पण ज्यांची शिक्षा अंतिम झाली आहे, त्यांना खटल्याच्या कार्यपद्धतीविषयीचा नवा नियम सहसा लागू होत नाही. १९८९ च्या एका निकालाने त्याला एकच अपवाद ठेवला होता: खटल्याच्या न्याय्यतेचा पायाच बदलून टाकणारा नियम असेल, तर तो मागच्यांनाही लागू व्हावा.

एकमताचा नियम असा पायाभूत आहे का, हा प्रश्न थेड्रिक एडवर्ड्स यांच्या प्रकरणात आला. त्यांना बॅटन रूज येथे २००७ साली सशस्त्र दरोडा, अपहरण आणि बलात्कार या आरोपांखाली पॅरोलविना जन्मठेप झाली होती. काही आरोपांवर अकरा विरुद्ध एक, काहींवर दहा विरुद्ध दोन अशी मते पडली होती. सरकारी वकिलांनी निवडीच्या वेळी एक सोडून बाकी सर्व कृष्णवर्णीय उमेदवारांना ज्यूरीतून वगळले होते, आणि जी एकमेव कृष्णवर्णीय व्यक्ती ज्यूरीत राहिली, तिने प्रत्येक आरोपावर ‘निर्दोष’ असे मत दिले होते. १८९८ साली जे योजले होते, ते एकशे नऊ वर्षांनी ठरल्याबरहुकूम घडले, असेच म्हणावे लागते.

१७ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी एडवर्ड्स यांची मागणी फेटाळली. रामोस निकाल महत्त्वाचा असला तरी मागील प्रकरणांना लागू नाही, असे सांगून बहुमताने तो अपवादच रद्द करून टाकला. आजवर कोणताही नियम त्यात बसलेला नाही, तर खोटी आशा कशाला ठेवायची, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायमूर्ती एलेना कागन यांनी भिन्नमत लिहिले. त्या वर्षभरापूर्वी रामोस प्रकरणात विरोधी मत देणाऱ्यांमध्ये होत्या, कारण जुना निकाल उलटवू नये असे त्यांचे म्हणणे होते. पण एकदा न्यायालयाने एकमत हा न्यायाचा पाया आहे असे म्हटल्यावर, पायाविना झालेल्या निकालांवर माणसांना आयुष्यभर आत ठेवता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. मला हे भिन्नमत या साऱ्या वादातले सर्वांत सचोटीचे लिखाण वाटते.

परिणामी दोन माणसे एकाच राज्यात, एकाच नियमाखाली, दहा विरुद्ध दोन अशाच मतांनी दोषी ठरली. एकाचे अपील एप्रिल २०२० मध्ये चालू होते, म्हणून त्याला नवा खटला मिळाला. दुसऱ्याचे आधी संपले होते, म्हणून मिळाला नाही. त्यांच्यात फरक तारखेचा आहे, पुराव्याचा नव्हे. ज्याने अधिक वर्षे भोगली, त्याचाच हक्क कमी ठरला, आणि हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटू नये असे आहे.

ओरेगॉनने वेगळा मार्ग कसा काढला?

संघीय न्यायालयाने मागील प्रकरणे उघडण्यास नकार दिला, तरी राज्यांना स्वतःच्या कायद्याने ती उघडता येतात. हे तत्त्व २००८ सालीच मान्य झाले होते आणि एडवर्ड्स निकालातही त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर २०२२ रोजी वॉटकिन्स प्रकरणात हेच केले: एकमताविना लागलेली दोषसिद्धी राज्यात टिकू शकत नाही, ती केव्हाची आहे याला महत्त्व नाही. पोर्टलंड येथील लुइस अँड क्लार्क विधी महाविद्यालयाच्या विधी सहाय्य केंद्राने प्राध्यापिका अलीझा कॅप्लन यांच्या मार्गदर्शनाखाली ‘रामोस प्रकल्प’ चालवून कैद्यांचे अर्ज तयार करण्यास मदत केली होती, आणि या यशात त्या विद्यार्थ्यांच्या श्रमांचा मोठा वाटा आहे.

अर्ज मंजूर झाला, की दोषसिद्धी रद्द होते आणि प्रकरण पुन्हा सरकारी वकिलाकडे जाते. तो खटला पुन्हा चालवू शकतो, कमी गंभीर आरोपावर तडजोड करू शकतो किंवा प्रकरण सोडून देऊ शकतो. एकमताने पुन्हा दोषी ठरलेली प्रकरणेही आहेत. तसे घडले, तर ती दोषसिद्धी आता शंकेपलीकडची म्हणता येते.

लुइझियानात आज काय स्थिती आहे?

२१ ऑक्टोबर २०२२ रोजी लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने रेडिक प्रकरणात रामोस निकाल मागील प्रकरणांना लागू करण्यास नकार दिला. रेडिक हे १९९० च्या दशकातच दोषी ठरलेले होते, आणि इतक्या वर्षांपूर्वीचे निकाल पुन्हा उघडणे व्यवस्थेला झेपणार नाही, हा युक्तिवाद निर्णायक ठरला. न्यू ऑर्लिन्समधील ‘प्रॉमिस ऑफ जस्टिस इनिशिएटिव्ह’ या संस्थेने अशा निकालांवर तुरुंगात असलेल्या दीड हजाराहून अधिक लोकांची नोंद केली होती. त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत. अनेक जण अंगोला येथील राज्य कारागृहात आहेत. ते कारागृह पूर्वीच्या गुलामांच्या मळ्यांच्या जमिनीवर उभे आहे, आणि अंगोला हे नाव त्या मळ्यावरून पडले आहे.

न्यायालयाचा मार्ग बंद झाल्यावर तीन वाटा उरतात. विधिमंडळ कायदा करू शकते. तशी विधेयके वारंवार मांडली गेली, पण मंजूर झालेली नाहीत. राज्यपाल क्षमादान मंडळाच्या शिफारशीवरून शिक्षा कमी करू शकतात, पण ही एकेकट्या माणसाची याचना असते, हक्क नव्हे. आणि जिल्हा सरकारी वकील स्वतःहून प्रकरणांचा फेरविचार करू शकतात. न्यू ऑर्लिन्सचे जिल्हा सरकारी वकील जेसन विल्यम्स यांनी २०२१ पासून तसे केले आणि बरीच माणसे त्यामुळे नव्या खटल्यापर्यंत, तडजोडीपर्यंत किंवा घरापर्यंत पोहोचली. शेजारच्या जिल्ह्यातील कैद्याला मात्र हा लाभ नाही.

हे सगळे लोक निर्दोष आहेत असे आपले म्हणणे आहे का?

नाही. त्यांच्यातले काही निर्दोष असतील, काहींनी गुन्हा केलाही असेल, आणि कोण कुठल्या गटात आहे हे आपल्याला घरबसल्या ठरवता येणार नाही. ते ठरवण्यासाठीच खटला असतो. मागणी सुटकेची नाही, तर ज्या खटल्याचा त्यांना हक्क होता तो मिळण्याची आहे.

पीडितांचे काय? त्यांनी पुन्हा साक्ष द्यायची का?

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या बाईने वीस वर्षांपूर्वी न्यायालयात उभे राहून आपल्यावरचा अत्याचार सांगितला, तिला पुन्हा ते सांगावे लागणे ही शिक्षाच आहे, आणि ती तिच्या कोणत्याही चुकीमुळे नाही. काही साक्षीदार वारलेले असतात, काहींची स्मृती गेलेली असते, पुराव्याच्या पेट्या हरवलेल्या असतात. म्हणून सर्व प्रकरणे पुन्हा चालवावीत असे नाही. जेथे पीडितांना आणि सरकारी पक्षाला मान्य असेल, तेथे भोगलेली वर्षे हीच शिक्षा मानून तडजोड होऊ शकते, आणि दोन्ही राज्यांत तशा तडजोडी झाल्या आहेत. परंतु या वेदनेचे उत्तरदायित्व ज्या राज्याने कित्येक दशके कच्चा नियम चालवला त्याच्याकडे आहे, दाद मागणाऱ्या कैद्याकडे नाही. आणि एक गोष्ट अनेकदा विसरली जाते: चुकीचा माणूस आत असेल, तर पीडितेलाही न्याय मिळालेला नसतो.

इंग्लंडमध्येही बहुमताचा निकाल चालतो, मग अमेरिकेलाच दोष का?

इंग्लंड व वेल्समध्ये १९६७ पासून दहा विरुद्ध दोन असा निकाल घेता येतो हे खरे आहे. तेथे ज्यूरीला आधी एकमतासाठी पुरेसा वेळ द्यावा लागतो आणि न्यायाधीशांच्या परवानगीनंतरच बहुमताकडे वळता येते. त्यावरही टीका होऊ शकते. पण प्रत्येक देश आपल्या घटनेशी बांधलेला असतो, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच एकमत हा आपल्या घटनेतील हक्क आहे असे म्हटले आहे.

मराठी वाचकाचा या विषयाशी काय संबंध?

संबंध जवळचा आहे, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लोकमान्य टिळकांना १८९७ आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत एकमत नसलेल्या ज्यूरीनेच दोषी ठरवले होते. मुंबई उच्च न्यायालयात तेव्हा नऊ ज्यूरर असत, आणि त्यांतल्या सहा जणांचे मत पडून न्यायाधीशांनी ते मान्य केले, की निकाल लागत असे. १८९७ साली सहा विरुद्ध तीन मते पडली; विरोधातले तिघे हिंदी होते. १९०८ साली, ‘केसरी’तील लेखांवरून झालेल्या खटल्यात, सात युरोपीय ज्यूररांनी टिळकांना दोषी म्हटले आणि दोन पारशी ज्यूररांनी निर्दोष. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सातांचे मत स्वीकारून सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा दिली. ज्यूरीचा निकाल काहीही असला तरी मी निर्दोषच आहे, असे टिळकांनी तेथल्या तेथे सांगितले. ते शब्द आज त्याच न्यायालयात कोरलेले आहेत. टिळकांची वाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली, पण त्या दोन पारशी गृहस्थांच्या मताला कायद्याने किंमत दिली असती तर मंडालेचा तुरुंग टळण्याची शक्यता होती, हा विचार फारसा केला नाही. साम्राज्याने ज्यूरीत हिंदी माणसाला जागा दिली होती. निर्णय मात्र त्याच्यावाचून होईल अशी व्यवस्था ठेवली होती. न्यू ऑर्लिन्सच्या परिषदेत जे चालले होते, ते टिळकांच्या पहिल्या खटल्यानंतर वर्षभराच्या आतले आहे.

नानावटी खटल्याचा दाखलाही दिला जातो. १९५९ साली मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदल अधिकारी नानावटी यांना निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांनी ते अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हा भारतातील शेवटचा ज्यूरी खटला होता असे सर्रास लिहिले जाते, ते बरोबर नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्यूरीची पद्धत वगळेपर्यंत काही ठिकाणी ती चालूच होती.

आणखी एक संबंध आजचा आहे. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांना ज्यूरीचे समन्स येते. ग्रीन कार्ड असलेल्यांना ज्यूरीत बसता येत नाही, नागरिकांना बसावे लागते. कामावरून रजा, गाडी लावायला जागा, दिवसभर प्रतीक्षा, यामुळे ते टाळण्याकडे कल असतो. ते टाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एखाद्या कैद्याचा निकाल एकमताचा होता की नाही, हे कसे कळते?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. लुइझियानात निकालानंतर वकिलाने मागणी केली, तर लेखी मतपडताळणी होत असे. न्यायालयाचा लिपिक प्रत्येक ज्यूररला वेगळा कागद देई. त्यावर खटल्याचे नाव, क्रमांक आणि ‘हा तुमचा निकाल आहे का?’ एवढा प्रश्न असे. ज्यूरर त्याखाली ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहून सही करी. बारा कागद मोजून पाहिले जात, दहांवर ‘होय’ असले की निकाल नोंदवला जाई आणि कागद बहुतेक वेळा पाकिटात बंद होऊन दप्तरात जात. कुणाच्या तरी आयुष्याची उरलेली सर्व वर्षे त्या ‘नाही’ लिहिलेल्या दोन कागदांवर अवलंबून आहेत.

अनेक खटल्यांत मात्र मतपडताळणीची मागणीच केली गेली नाही. दहा मते पुरत असताना, नेमकी किती पडली हे विचारण्यात वकिलाला अर्थ वाटला नसावा. अशा वेळी कुटुंबीयांनी प्रथम त्या जिल्ह्याच्या न्यायालयीन लिपिकाकडे खटल्याच्या दिवसाची कामकाज नोंद आणि मतपडताळणीचे कागद मागावेत. तेथे काही न मिळाल्यास न्यायालयीन लघुलेखकाच्या टिपणांची प्रत, त्या काळच्या बचाव वकिलाची फाइल, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशीचे स्थानिक वृत्तपत्र पाहावे. मतांची विभागणी बातमीत छापलेली असते असे पुष्कळदा आढळते. अर्ज करण्याच्या मुदती कडक असल्याने, कागद हाती येण्याची वाट न पाहता आधी वकिलाशी किंवा वर उल्लेखिलेल्या संस्थांशी बोलावे आणि कागदांचा शोध त्याच वेळी चालू ठेवावा.